दाबलं तरी काही होत नाही

मंडळी, आज जरा भांडायचं आहे. विषय ऐकून काहीजण म्हणतील, एवढ्याशा गोष्टीवर एवढं लांबण? तर हो. विषय आहे वेबसाईटचे मेन्यू, आणि त्यातही एकाच्या पोटात एक दडलेले मेन्यू. आमच्या नात्यातल्या ज्या मंडळींचा वेबसाईट बनवण्याशी सुतराम संबंध नाही, त्यांनीही वाचा. किंबहुना त्यांनीच आधी वाचा, कारण भांडण त्यांच्या बाजूनेच आहे.

आधी कशाबद्दल बोलतोय ते सांगतो. कुठलीही मोठी साईट घ्या, बँकेची, विद्यापीठाची, नगरपालिकेची. वर एक आडवी पट्टी असते. मुख्यपान, आमच्याविषयी, सेवा, माहिती, संपर्क. 'सेवा'वर माऊस नेला की खाली यादी उलगडते. त्या यादीतल्या 'प्रमाणपत्रे'वर नेला की शेजारी आणखी एक यादी. आपल्याला हवं असलेलं पान नेहमी त्या शेवटच्या यादीत, अगदी तळाला असतं (हा बहुधा निसर्गनियम असावा).

या मेन्यूची कामं दोनच. जिथे जायचंय तिथे नेणं, आणि आत्ता आपण कुठे आहोत ते सांगणं. एसटी स्टँडवरची पाटी करते तेवढंच. आणि माझी तक्रार अशी आहे की माझ्या पाहण्यातले कितीतरी मेन्यू या दोन्ही बाबतींत चक्क खोटं बोलतात. त्याहून वाईट म्हणजे खोटं बोलतो मेन्यू आणि स्वतःला ढ समजायला लागतो तो वापरणारा माणूस.

पहिलं खोटं बघा. तो वरचा 'सेवा' हा शब्द. दिसायला लिंक. माऊस नेला की हाताचं चिन्ह येतं, रंग बदलतो, सगळा थाट लिंकचा. दाबलं तर काय होतं? काही नाही. किंवा पान टुणकन उडी मारून माथ्यावर जातं. का? तर लिंकमध्ये कुठे जायचं त्याचा पत्ता लिहावा लागतो. 'सेवा' नावाचं पानच बनवलेलं नसेल, तर पत्त्याच्या जागी नुसतं # हे चिन्ह टाकून डेव्हलपर मोकळा होतो. त्या चिन्हापुढे काहीच नसलं की ब्राउझर त्याचा अर्थ 'याच पानाचा माथा' असा घेतो. म्हणून ती उडी. काही चोखंदळ लोकांना ती उडी खटकते, मग ते पत्त्याच्या जागी जावास्क्रिप्टचं 'व्हॉइड' लिहितात. म्हणजे 'दाबलं तरी काही करू नकोस' अशी लेखी ताकीदच! अशी लिंक नव्या टॅबमध्ये उघडायला जा, बहुतेक वेळा कोरं पान मिळेल.

मला हे भिंतीवर रंगवलेल्या दारासारखं वाटतं. कडी-कोयंडा सगळा हुबेहूब. दार नाही.

टिम बर्नर्स-ली यांनी, म्हणजे ज्यांनी वेब जन्माला घातलं त्यांनी, १९९८मध्ये एक टिपण लिहून बजावलं होतं की बाबांनो, पानांचे पत्ते बदलू नका, लोक त्यांवर विसंबतात. लिंक हा शब्द दिलेला असतो, तो मोडू नये, असा त्याचा मथितार्थ. आपण पुढे गेलो. शब्द मोडायचा प्रश्नच नको म्हणून पत्ताच द्यायचा बंद केला.

हे सगळं आलं कुठून तेही सांगतो, कारण यात कोणी खलनायक नाही. माऊस नेल्यावर रूप बदलण्याची सोय सीएसएसच्या दुसऱ्या आवृत्तीत, १९९८ साली आली. मग नोव्हेंबर २००३मध्ये 'अ लिस्ट अपार्ट' या वेब बनवणाऱ्यांच्या नियतकालिकात पॅट्रिक ग्रिफिथ्स आणि डॅन वेब यांचा 'सकरफिश ड्रॉपडाउन्स' हा लेख आला. साधी एकात एक यादी लिहायची आणि सीएसएसने तिचा उलगडणारा मेन्यू करायचा. तेव्हाच्या इंटरनेट एक्स्प्लोररला हे फक्त लिंकवर जमायचं, यादीच्या ओळीवर नाही, म्हणून त्याच्यासाठी थोडीशी जावास्क्रिप्ट जोडायची. त्याआधी लोक मेन्यूसाठी पानंच्या पानं स्क्रिप्ट लिहीत होते. त्या मानाने हा लेख म्हणजे वरदान होता, आणि जगभर त्याची नक्कल झाली.

पण त्यात एक गृहीत धरलेलं होतं. प्रत्येकाच्या हातात माऊस आहे. २००७मध्ये आयफोन आला आणि ते गृहीतक कोसळलं. बोट काचेवर टेकलेलं असतं किंवा नसतं. 'नुसतं वरून फिरवणं' असा प्रकार तिथे नाही. मग ब्राउझरवाल्यांनी तोडगे काढले. आयफोनवरचा सफारी बहुतेक वेळा पहिल्या टिचकीला यादी उघडतो आणि दुसऱ्या टिचकीला लिंकवर जातो. अँड्रॉइडवर बरेचदा यादी क्षणभर चमकते आणि लगेच दुसरं पान उघडायला लागतं. म्हणजे एकाच घरात, एकाच सोफ्यावर बसलेल्या दोन माणसांना एकाच साईटचा अनुभव वेगळा. मग 'तू नीट दाबत नाहीस' यावरून वाद.

गेल्या वर्षी मावशीला एका कार्यालयाच्या साईटवरून हयातीच्या दाखल्याचा नमुना हवा होता. फोन आला. "अरे, मी दाबतेय, पण काही होत नाही. दोनदा दाबलं की भलतंच उघडतं. मला मेलीला हे जमायचंच नाही." मावशी तीस-बत्तीस वर्षं शाळेत शिकवत होती. निकालपत्रकांत एका गुणाची चूक न करणारी बाई. आणि तिला कोणी सांगितलं की तिला जमत नाही? एका # चिन्हाने! माझा राग आहे तो इथे. दुकानाचं दार अडकलं तर आपण दाराला नावं ठेवतो. वेबसाईटचं दार अडकलं की स्वतःला.

हे झालं बोटाचं. आता ज्यांना दिसत नाही त्यांचं बघा. अंध वाचक स्क्रीन रीडर वापरतात, उदाहरणार्थ एनव्हीडीए, जो फुकट मिळतो. तो 'सेवा, लिंक' असं वाचून दाखवतो. लिंक म्हटल्यावर माणूस एंटर दाबतो. काही घडत नाही, आणि आत यादी दडलेली आहे हे सांगायला कोणीच नाही. कारण ती यादी माऊससाठी लिहिलेली, आणि याच्याकडे माऊस नाही. ज्यांचे हात थरथरतात, म्हणून जे कीबोर्डच्या टॅब कळीने पुढे सरकतात, त्यांचीही हीच गत. निवड त्या न दिसणाऱ्या यादीतून फिरत राहते आणि पडद्यावर काहीच हलत नाही.

आणि ज्यांचा हात अगदी स्थिर आहे त्यांना तरी कुठे सुख आहे? 'सेवा'वरून खाली, 'प्रमाणपत्रे'वरून उजवीकडे, आणि मध्ये जरासा तिरका गेलात की सगळी यादी गडप. पुन्हा पहिल्यापासून. याचंही शास्त्र आहे. १९९७मध्ये अ‍ॅकॉट आणि झाई या संशोधकांनी दाखवलं की अरुंद बोगद्यातून माऊस न्यायला लागणारा वेळ बोगद्याची लांबी भागिले रुंदी या हिशोबाने वाढतो. ओळ जितकी लांब आणि बारीक, तितका त्रास. हात आखडलेल्या माणसाला तो आणखी जाणवणार. यावर उपाय नाही असंही नाही. अ‍ॅमेझॉनच्या मेन्यूत एकेकाळी माऊस तिरका नेला तरी आतली यादी पळत नसे. ते कसं होतं ते २०१३मध्ये बेन केमन्स या प्रोग्रॅमरने उलगडून लिहिलं होतं. माऊसची जागा आणि आतल्या यादीच्या कडा यांचा एक अदृश्य त्रिकोण धरायचा, आणि माऊस त्या त्रिकोणात सरकत असेपर्यंत यादी बदलायची नाही. ज्यांना विकायचं असतं ते बरोबर उपाय शोधतात. दाखला द्यायचा असतो तिथे मात्र नागरिकाने हात सरळ ठेवायचा.

आता दुसरं खोटं. 'तुम्ही इथे आहात.'

स्टीव्ह क्रग यांनी २००० साली 'डोन्ट मेक मी थिंक' या पुस्तकात या गोष्टीवर भर दिला होता. किल्ल्याच्या नकाशावर लाल ठिपका नसेल तर नकाशा असून उपयोग काय? मेन्यूमध्ये हा ठिपका म्हणजे हायलाइट, आपण ज्या पानावर आहोत त्याचं नाव उठून दिसणं. एकात एक मेन्यू असला की ठिपका दोन पातळ्यांवर हवा. आपण 'रहिवास दाखला' या पानावर असलो तर ते नाव ठळक, आणि त्याचे वाडवडील, म्हणजे 'प्रमाणपत्रे' आणि 'सेवा', जरा सौम्यपणे पण वेगळे दिसले पाहिजेत. पान कोणतं आणि घराणं कोणतं, हे दोन्ही कळलं पाहिजे.

प्रत्यक्षात काय दिसतं? कुठल्याही पानावर जा, 'मुख्यपान' सतत उजळलेलं. कारण हायलाइट करणाऱ्या कोडमध्ये लिहिलेलं असतं, 'पानाच्या पत्त्याची सुरुवात या लिंकच्या पत्त्याने होत असेल तर रंग दे'. मुख्यपानाचा पत्ता म्हणजे नुसती एक तिरकी रेघ, आणि साईटवरच्या प्रत्येक पत्त्याची सुरुवात तिथूनच होते. मग कोणीतरी ते सुधारतो आणि 'पत्ता तंतोतंत जुळला तरच' असं लिहितो. आता पत्त्याच्या शेवटी एखादी तिरकी रेघ जास्त आली किंवा प्रश्नचिन्हापुढे काही शेपूट आलं की काहीच उजळत नाही. वर्डप्रेसवाल्यांना तिसरा प्रकार ठाऊक असेल. आपण स्वतःचा वेगळा लेखप्रकार बनवला, समजा पुस्तक परिचय, की ते पान वाचताना मेन्यूत 'ब्लॉग' उजळतो. म्हणजे नकाशावर ठिपका आहे, पण शेजारच्या गावावर.

चौथा प्रकार मला सगळ्यात जास्त चीड आणतो. माऊस नेल्यावर येणारा रंग आणि 'तुम्ही इथे आहात'चा रंग एकच! म्हणजे माऊस फिरवला की एकाच वेळी दोन ठिकाणी तुम्ही आहात. पांडुरंगाला जमलं असेल, आम्हाला नाही.

वर हे सगळं नुसत्या रंगाने. हिरवा आणि लाल वेगळे न दिसणारी माणसं आपल्या ओळखीतही असतात. डब्ल्यूसीएजी या नावाने ओळखले जाणारे वेबच्या सुगम्यतेचे निकष आहेत. डिसेंबर २००८मधल्या त्यांच्या दुसऱ्या आवृत्तीत, अगदी पहिल्या पायरीवर, लिहिलेलं आहे की कुठलीही माहिती केवळ रंगाने सांगू नका. खाली एक रेघ मारा, डावीकडे एक ठिपका द्या. बस झालं. (अक्षर एकदम जाड करू नका. जाड अक्षराला जागा जास्त लागते आणि सगळी पट्टी हलते.)

आणखी एक. आपण ज्या पानावर आहोत त्याची लिंक मेन्यूत चालू ठेवायची तरी कशाला? माणूस अर्धा अर्ज भरून बसलेला असतो. आपण बरोबर पानावर आहोत ना, म्हणून वर त्या नावावर टिचकी मारतो. पान नव्याने उघडतं आणि भरलेलं सगळं स्वाहा. ज्या दारातून आत आलोय तेच दार पुन्हा उघडून नवीन खोली दाखवायची गरज नसते.

आता समोरच्या बाजूचे मुद्दे घेतो, कारण डेव्हलपर मित्र हे वाचून लगेच सरसावतील.

"'सेवा'ला स्वतःचं पानच नाही, मग लिंक कुठे देणार?" दोन प्रामाणिक वाटा आहेत. एक, पान बनव. आतल्या दहा पानांची यादी आणि प्रत्येकापुढे एक ओळ, एवढं पुरे. यादी उघडली नाही तरी माणूस निदान तिथवर पोचतो. दुसरी, ते नाव लिंक नाही असं मान्य कर आणि त्याचं बटण कर. लिंक नेते, बटण करतं. बटण असेल तर स्क्रीन रीडर 'बटण, बंद' किंवा 'बटण, उघडं' असं सांगू शकतो. दोन्ही हवं असेल तर नाव ही लिंक आणि शेजारचा बाण हे बटण. हे काही मी शोधलेलं नाही. जुन्या ब्लॉगरमंडळींनो, आपल्या ब्लॉगस्पॉटच्या बाजूपट्टीतला संग्रह आठवा. छोटा त्रिकोण दाबला की वर्ष उलगडतं, वर्षाचा आकडा दाबला की त्या वर्षाच्या लेखांवर जातो. दोन कामं, दोन जागा. वर्डप्रेसच्या 'ट्वेंटी फिफ्टीन' या साच्यातही नावाशेजारी वेगळं बटण होतं.

"हल्ली मेन्यूतून कोण जातं? सगळे गूगलवरून येतात." अहो, म्हणूनच तर! गूगलवरून येणारा माणूस पुढच्या दाराने येत नाही, थेट माजघरात उतरतो. हे घर कोणाचं, ही खोली कोणती, शेजारी काय आहे, हे त्याला सांगणारी एकच गोष्ट म्हणजे तो उजळलेला मेन्यू.

"हे सगळं करायला फार खटाटोप आहे." कधीकाळी होता, मान्य. आतल्या मुलाकडे बघून वरच्या बापाला रंग देणं सीएसएसला जमत नव्हतं. पण वर्डप्रेसने २०१०मध्ये, तिसऱ्या आवृत्तीत, मेन्यूची सोय आणली तेव्हाच चालू पान, त्याचा पालक आणि त्याचे पूर्वज यांना वेगवेगळ्या खुणा आपोआप मिळायला लागल्या. रंग द्यायचं तेवढं आपल्याकडे उरलं. 'हे चालू पान' असं स्क्रीन रीडरला सांगणारा 'एरिया-करंट' हा गुणधर्म डिसेंबर २०१७मध्ये अधिकृत मानकात आला. आणि डिसेंबर २०२३पासून सगळ्या प्रमुख ब्राउझरांत 'हॅज' हा सीएसएसचा निवडक चालतो, म्हणजे मुलावरून बापाला रंग देणं आता एका ओळीचं काम आहे. एक खूण करा, तिच्यावरूनच रंगही द्या आणि आवाजही. मग डोळ्यांना एक आणि कानांना दुसरंच असं होणार नाही.

"क्लायंटला असंच हवंय." क्लायंटला जिना दिसायला छान हवा असतो. कठडा काढून टाका म्हणाला तर काढाल का?

आणि हा फक्त सभ्यपणाचा प्रश्न राहिलेला नाही. भारत सरकारच्या संकेतस्थळांसाठी मार्गदर्शक तत्त्वं २००९पासून आहेत, तिसरी आवृत्ती २०२३ची. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६चा. त्याखालच्या २०१७च्या नियमांत सुगम्यतेची मानकं होती, पण शिफारशीच्या थाटात, पाळली तर पाळली. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने नेमकं त्यावर बोट ठेवलं. नियम पंधरा हा मूळ कायद्याशी विसंगत आहे असं ठरवलं आणि केंद्राला तीन महिन्यांत बंधनकारक नियम करायला सांगितलं. म्हणजे 'जमलं तर करू' ही भाषा न्यायालयालाही पटलेली नाही.

तर करायचं काय?

ब्लॉगर मित्रांनो, आज रात्री पाच मिनिटं काढा. माऊस बाजूला ठेवा आणि आपल्याच ब्लॉगच्या मेन्यूतून नुसत्या टॅब कळीने फिरून बघा. मग फोनवर वरचं नाव एकदा दाबून बघा. मग एखाद्या जुन्या लेखावर जाऊन बघा की मेन्यूत बरोबर नाव उजळतंय का. या तीन परीक्षांत जे नापास होईल ते दुरुस्त करा. आपले ब्लॉग छोटे, आपल्याला कोणाची परवानगी लागत नाही. मोठ्या साईट बनवणारे आपल्यातच आहेत, त्यांनी कचेरीतही हा विषय काढावा.

आणि काका, मावशी, आत्या, तुमच्यासाठी एक युक्ती. कम्प्युटरवर असाल तर दाबण्याआधी माऊस त्या शब्दावर नुसता ठेवा. खिडकीच्या खाली डाव्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत एक पत्ता उमटतो. त्याच्या शेवटी नुसतं # दिसलं किंवा 'व्हॉइड' असं काही दिसलं तर ओळखा, हे रंगवलेलं दार आहे. दहा वेळा दाबू नका. साईटवर शोधायची चौकट असेल तर त्यात हवं ते लिहा, किंवा अगदी तळाशी जाऊन 'साईटमॅप' आहे का बघा, तिथे सगळी पानं बरेचदा सरळ यादीत मिळतात. आणि त्यांचा ईमेल दिलेला असेल तर दोन ओळी पाठवा, 'तुमचा मेन्यू दाबला तर काही होत नाही' म्हणून. अशी पत्रं जोवर जात नाहीत तोवर तिकडे सगळ्यांचं मत हेच असतं की सगळं छान चाललंय.

एवढं मात्र पुन्हा म्हणू नका, की मला जमत नाही. तुम्ही बरोबर ठिकाणीच दाबलं होतं.